वाचकांचे प्रश्न : जर्मनीत शिकणाऱ्या मुलांचा रविवार

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे कोल्हापूरकरांची आहेत आणि तिन्ही जर्मनीत शिकणाऱ्या किंवा शिकायला निघालेल्या मुलांविषयी आहेत. पहिल्या पत्रातली चिंता मला अनेक घरांत दिसते, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा ड्रेस्डेन येथे यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला आहे. त्यासाठी आम्ही बँकेचे कर्ज काढले आहे आणि माझ्या यजमानांच्या निवृत्तीला आता फार वर्षे राहिलेली नाहीत. दर रविवारी त्याच्या स्टेटसवर डोंगर, नदी आणि रेल्वेचे फोटो असतात. ‘अभ्यास कधी करतोस?’ असे विचारले की तो चिडतो. आम्ही काय समजावे?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असताना मुलाच्या हसऱ्या फोटोकडे निव्वळ कौतुकाने पाहणे सोपे नसते. तरीही रविवारच्या फोटोवरून त्याच्या अभ्यासाचा अंदाज बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जर्मनीत रविवार हा कायद्याने राखलेला विश्रांतीचा दिवस आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील त्याविषयीचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यातही, म्हणजे तिथल्या सध्याच्या राज्यघटनेतही, कायम ठेवण्यात आले आणि ते आजही लागू आहे. त्यामुळे रविवारी किराणा, कापड आणि घरगुती सामानाची दुकाने बंद असतात; मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने, सकाळचे काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहे तेवढी चालू राहतात. घरात ड्रिल चालवून शेजाऱ्यांना त्रास दिलेला खपत नाही आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकण्याच्या सार्वजनिक पेटीतसुद्धा त्या दिवशी बाटल्या टाकायच्या नसतात. साहजिकच बाजारहाट, कपडे धुणे आणि पुढच्या चार दिवसांची भाजी-आमटी करून ठेवणे ही सगळी कामे विद्यार्थी शनिवारी उरकतात आणि रविवारी आबालवृद्ध चालायला बाहेर पडतात. तुमचा मुलगा तिथल्या लोकांसारखाच वागतो आहे, एवढाच त्या फोटोंचा अर्थ आहे.

खर्चाचेही सांगतो. मे २०२३ पासून जर्मनीत ‘डॉइचलांडटिकेट’ नावाचा मासिक पास सुरू झाला. तो सुरुवातीला ४९ युरोंना होता, जानेवारी २०२५ पासून ५८ युरोंना झाला आणि त्यानंतरही त्याची किंमत वाढली आहे. शहरातील बस, ट्राम आणि देशभरातील प्रादेशिक गाड्यांनी त्यावर प्रवास करता येतो. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र तो चालत नाही. अनेक विद्यापीठांत हाच पास विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतो आणि त्याचे पैसे सत्राच्या सुरुवातीला भरायच्या शुल्कातच धरलेले असतात. असा पास हाती असला आणि डबा घरचा असला, तर रविवारच्या सहलीला जवळजवळ काही खर्च येत नाही. त्याउलट खोलीत कंटाळून मागवलेले एका वेळचे जेवण अधिक महाग पडते.

तुम्हाला फोटोत दिसणारी नदी बहुधा एल्बे असावी. ड्रेस्डेनहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत राटेन हे गाव येते. स्थानकावर उतरल्यावर समोरच्या काठाला जाण्यासाठी जी नाव आहे, ती इंजिनाच्या जोरावर नदी ओलांडत नाही. नदीत वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब दोराला ती बांधलेली असते; नावाडी नावेचा प्रवाहाशी असलेला कोन बदलतो आणि वाहते पाणीच तिला पैलतीरी ढकलते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने काठावर अर्धा तास उभे राहून पाहावी, अशी ती गोष्ट आहे. पलीकडे वालुकाश्माचे उभे सुळके चढून गेले की बास्टाय हा कडा लागतो. तो नदीपासून १९४ मीटर उंच आहे आणि तिथला दगडी पूल १८५१ मधला आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पायवाट ज्या जिल्ह्यात हौसेने तुडवली जाते, तिथला मुलगा अशा डोंगराकडे पाठ फिरवून खोलीत बसला असता, तर मला अधिक काळजी वाटली असती.

आता अभ्यासाकडे वळू. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राला साधारण ३० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एका श्रेयांकामागे सुमारे ३० तासांचे काम धरलेले असते, म्हणजे सत्राला ९०० तास झाले. त्यातला मोठा भाग वर्गाबाहेर स्वतः करायचा असतो आणि बऱ्याच विषयांचा निकाल सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरतो. नापास झाल्यास तीच परीक्षा ठरावीक वेळाच देता येते. त्या संधी संपल्या की प्रवेशच रद्द होऊ शकतो. म्हणून ‘अभ्यास करतोस ना?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘या सत्रात किती श्रेयांकांचे विषय घेतलेस, परीक्षांची नोंदणी झाली का, मागच्या सत्रातले काही राहिले आहे का?’ असे विचारावे. या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत असतील, तर मे महिन्यातले डोंगर खुशाल पाहू द्यावेत. मात्र जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत आणि पुन्हा जुलैत, म्हणजे परीक्षांच्या तोंडावरही दर रविवारी नवीन गाव दिसत असेल, तर त्याच्याशी शांतपणे बोलणे आवश्यक आहे.

फोनच्या वेळेचाही विचार करावा. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. आपण रविवारी दुपारची जेवणे आटोपून दोन वाजता फोन लावतो, तेव्हा तिकडे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात आणि मुले नेमकी गाडीत असतात. रात्री साडेनऊला फोन केलात, तर तो परतीच्या वाटेवर किंवा खोलीवर असेल आणि चिडण्याऐवजी दिवसभराचे सांगत बसेल.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये शिकते. हा माझा पहिला हिवाळा आहे. दुपारी साडेचारला अंधार पडतो, रविवारी सगळे बंद असते आणि मी दिवसभर अंथरुणात मोबाइल पाहत राहते. घरी सांगितले तर आई-बाबा घाबरतील. काय करू?
— एक विद्यार्थिनी, मूळ राहणार शिवाजी पेठ

उत्तर : तू हे लिहून कळवलेस, हे फार बरे केलेस. डिसेंबरात कोल्हापूरला अकरा तासांचा दिवस असतो, तर म्युनिकला तो सव्वाआठ तासांच्या आसपास येऊन ठेपतो. इतका उजेड एकदम कमी झाल्यावर मरगळ येणे स्वाभाविक आहे आणि त्यात तुझा काही दोष नाही. तेव्हा रविवारी पहिली गोष्ट एवढीच ठरव, की दुपारी बाराच्या आत घराबाहेर पडायचे, मग आभाळ भरलेले असले तरी चालेल.

कुठे जायचे हे ठरत नसेल, तर पिनाकोथेक या कलासंग्रहालयात जा. रविवारी तिथल्या कायमस्वरूपी संग्रहाचे तिकीट अनेक वर्षे १ युरो होते; सध्याचा दर जाण्यापूर्वी पाहून घे. आल्टे पिनाकोथेक या जुन्या इमारतीत आल्ब्रेख्ट ड्युररने १५०० साली रंगवलेले स्वतःचे चित्र आहे. त्यातल्या कोटाच्या कॉलरवरील लव जवळून पाहा. चित्रकार आबालाल रहिमान यांच्या गावातून गेलेल्या मुलीला तिथे परके वाटणार नाही. आठवड्यातला एक दिवस विद्यापीठाच्या क्रीडावर्गाला दे. हे वर्ग स्वस्त असतात आणि तिथे मराठी मंडळाबाहेरच्या ओळखी होतात, ज्यांची तुला आत्ता गरज आहे.

एवढे करूनही दोन-तीन आठवडे झोप, भूक आणि अभ्यास यांची घडी बसली नाही, तर विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशकाची वेळ घे. संभाषण गोपनीय असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. आईलाही सांग. तुझ्या आवाजावरून तिला आधीच काही कळलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि नेमके काय होते आहे हे माहीत नसल्याची भीती अधिक त्रास देते.

प्रश्न : माझी मुलगी येत्या सत्रासाठी जर्मनीला जाणार आहे. तिची आजी तूप, मटणाचे लोणचे, कांदा-लसूण मसाला, गूळ आणि ताजा कढीपत्ता बांधून देण्याच्या तयारीत आहे. हे सगळे नेता येईल का?
— एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : मसाला आणि गूळ नेता येईल, दोन्ही घट्ट बंद पाकिटांत आणि वर नाव लिहून द्यावे. तूप आणि मटणाचे लोणचे मात्र देऊ नये, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे. ताज्या भाज्या, फळे आणि पाने यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे कढीपत्ता सावलीत वाळवून त्याची पूड करून द्यावी. दाखल्याच्या अटीतून केवळ अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे वगळलेली आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र देऊ नका. त्यात तेल असल्याने त्या पेट घेऊ शकतात, म्हणून अनेक विमान कंपन्या त्या सामानात घेत नाहीत.

आजींना सांगावे की तुपाची अडचण राहणार नाही. तिथल्या दुकानांत बिनमिठाचे लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळते. नातीला निघण्यापूर्वी मंद आचेवर लोणी कढवायला, बेरी खाली बसून तांबूस होताच गॅस बंद करायला आणि तूप कोमट झाल्यावर गाळून घ्यायला शिकवावे.