वडिलांच्या नावावरील टॅक्सीचे परमिट: बेळगावात नूतनीकरण महानगरपालिकेत होते की आरटीओत?

तुम्ही लिहिले आहे की वडिलांना जाऊन बावीस दिवस झाले, पिवळ्या पाटीची गाडी त्यांच्याच नावावर आहे, परमिटची मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपते आणि टॅक्सीचा परवाना शहराचा असल्यामुळे नूतनीकरण कार्पोरेशनमध्येच होते असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे.

शेजाऱ्यांची समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरात टॅक्सीचा परवाना नगरप्रशासन देते हे खरे. परंतु आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा आहे, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सचिव आरटीओ असतात. म्हणून गाडी केए-२२ असेल तर बेळगावच्या आणि केए-२३ असेल तर चिक्कोडीच्या आरटीओ कार्यालयात जावे. नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा संबंध मुख्यतः स्टँडपुरता येतो, कारण गाड्या कोठे उभ्या करायच्या हे ठरवताना कलम ११७ प्रमाणे स्थानिक संस्थेचा विचार घ्यावा लागतो. तरीही कार्पोरेशनची पायरी तुम्हाला एकदा चढावी लागेल, ती मृत्यूच्या दाखल्यासाठी, अर्थात मृत्यू शहराच्या हद्दीत झाला असेल तर.

तुम्ही नूतनीकरणाचे विचारले आहे, पण माझ्या मते तुमची खरी निकड हस्तांतरणाची आहे. कलम ८२ असे सांगते की परमिटधारक वारल्यास गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला तीन महिने ते परमिट स्वतःचे असल्याप्रमाणे वापरता येते, मात्र मृत्यूची आणि आपण गाडी चालवू इच्छितो याची माहिती त्याने तीस दिवसांच्या आत परमिट देणाऱ्या प्राधिकरणाला दिलेली असली पाहिजे. आणि परमिट नावावर करून घेण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत गेला पाहिजे. तुमच्याकडे त्या तिसांतले आठच दिवस उरले आहेत. आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा, नियमही जवळजवळ हाच असून तिच्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. शिवाय या तीन महिन्यांच्या सवलतीला एक मर्यादा आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: परमिटची मूळ मुदत जर आधीच संपत असेल, तर सवलतही त्याच दिवशी संपते. तुमच्या बाबतीत नेमके हेच होणार आहे.

हे मी वाचून नव्हे, भोगून सांगत आहे. माझे थोरले बंधू गेले तेव्हा घरात सगळ्यांचे म्हणणे एकच होते, की तेरावे होऊ दे, मग कागदांचे बघू. तेरावे झाले, मग वंशावळीसाठी नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या, खेपा सुरू झाल्या, आणि ती हातात आल्याशिवाय अर्ज करताच येत नाही असे मी स्वतःच ठरवून बसलो. कार्यालयात पोहोचलो तो एक्केचाळिसावा दिवस होता. कारकुनाने काही न बोलता परमिटवरच्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी इतके दिवस पासिंगची तारीख परमिटची म्हणून धरून चाललो होतो. पुढे दोन महिने गाडी परड्यात चिंचेखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली आणि हप्ते मात्र चालूच राहिले. माहिती देण्याचे पत्र साध्या कागदावर, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून, त्याच आठवड्यात देता आले असते. वंशावळ आणि इतर वारसांची संमती हस्तांतरणाच्या अर्जाबरोबर नंतर दिली असती तरी चालले असते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तिचे ना-हरकत पत्रही लागते.

नूतनीकरणाचे सांगायचे तर परमिट पाच वर्षांचे असते आणि अर्ज मुदत संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असेल, तर प्राधिकरण अर्ज स्वीकारू शकते. वडिलांचा मृत्यू हे सबळ कारण आहे, पण त्यावर विसंबू नये. निर्णयाला वेळ लागणार असे दिसले तर कलम ८७ खाली तात्पुरते परमिट मागावे, जे जास्तीत जास्त चार महिन्यांचे मिळते. पुढे नूतनीकरण मंजूर झाले की ते जुनी मुदत संपल्याच्या तारखेपासूनच लागू धरले जाते आणि तात्पुरत्या परमिटची फी परत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ती फी फारसे कोणी मागत नाही, हा भाग वेगळा.

मधल्या काळात विनापरमिट एकही भाडे मारू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडी जप्त होते ती निराळीच. अपघात झाला तर प्रकरण याहून गंभीर होते: २०१८ च्या अमृतपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनापरमिट गाडी चालवणे हा मूलभूत कायदेभंग मानला, आणि विमा कंपनीने भरपाई आधी देऊन ती मालक व चालकाकडून वसूल करावी असे ठरवले.

कोल्हापूर आणि गोव्याच्या भाड्यांविषयीही तुम्ही विचारले आहे. कर्नाटकापुरत्या परमिटवर, महाराष्ट्राची किंवा गोव्याची प्रतिस्वाक्षरी (त्या परमिटला त्या राज्याने दिलेली मान्यता) असल्याशिवाय, कोगनोळीचा नाका किंवा चोर्ला घाट ओलांडून भाडे नेता येत नाही. त्यासाठी अखिल भारतीय पर्यटक परमिट घ्यावे, जे २०२३ च्या नियमांनुसार केंद्राच्या पोर्टलवरून मिळते आणि ज्याच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा लागतो. त्यावरही वाटेत हात दाखवणारी माणसे एकेक करून भरता येत नाहीत. तो वडापचा धंदा झाला, आणि टॅक्सीचे कोणतेच परमिट त्याला चालत नाही. हा अर्ज मालकाच्या नावाने करायचा असल्यामुळे आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत त्याच्या मागे लागू नका. या आठवड्यात फक्त ती दोन पत्रे, एक परमिटसाठी आणि एक आरसीसाठी, आवक शिक्का मारून घेऊन प्रत जवळ ठेवा.