दोन्ही संस्था बाजूला ठेवा

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे, गुण ७५ टक्क्यांच्या आसपास. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पेशीचं त्रिमितीय मॉडेल केलं. हेडसेट लावला की पेशीच्या आत फिरता येतं. पहिलं बक्षीस मिळालं. पुढचा जमाना याचाच असल्याने तिला सहा महिन्यांच्या व्हीआर (हेडसेटमधून दिसणारं आभासी जग) कोर्सला घालायचं आम्ही ठरवलं आहे. दोनपैकी कोणती संस्था घ्यावी? ती मात्र जीवशास्त्रात बी.एस्सी. म्हणते. शिवाय ‘पेशी इतकी रिकामी नसते’ म्हणत बक्षिसाचं मॉडेल मोडून पुन्हा करत बसली आहे. दोन महिने वाया गेले. – एक वडील

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय. मुलीचं म्हणणं एकदाच, तेही तक्रारीच्या सुरात. एरवी मला उलटी पत्रं येतात : कॉम्प्युटरवरचे खेळ सोड, पुस्तक हातात घे. तुम्ही नव्या क्षेत्राची बाजू घेताय, म्हणून आपण दबाव आणत नाही असं तुम्हाला वाटतं. आणताय. छडी तेवढी नवी आहे.

सोबतचा व्हिडिओ पाहिला. निळसर पोकळीत तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, औषधाच्या कॅप्सूलसारख्या तरंगतायत. दिसतं झकास. पण मुलगी म्हणते तेच खरं. पेशीत प्रथिनांची एवढी दाटी असते, की रेणूंना धक्के खातच सरकावं लागतं. बऱ्याच पेशींत तंतुकणिकाही सुट्या नसतात. त्यांचं जाळं असतं, सतत जुळणारं आणि तुटणारं. बक्षीस कपाटात ठेवून ही पोर चूक सुधारायला बसली. तुमचे ‘वाया गेलेले’ दोन महिने म्हणजेच या क्षेत्रातलं खरं काम.

हेडसेट लावला की विज्ञान आपोआप कळतं, हा समज मात्र सोडा. माक्रान्स्की या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. प्रयोगशाळेचं तेच सिम्युलेशन विद्यार्थ्यांनी साध्या पडद्यावर आणि हेडसेटमधून केलं. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ असं जास्त वाटलं, शिकणं मात्र कमी झालं. डोळे दिपले की डोक्याला उसंत मिळत नाही. मग हे तंत्र कुठे लागतं? जिथे कागद हरतो तिथे. सूर्य २२ सेंटिमीटरच्या फुटबॉलएवढा धरला, तर पृथ्वी २ मिलिमीटरचा दाणा होते आणि ती जवळजवळ २४ मीटर लांब जाते. पुस्तकाच्या पानावर हे प्रमाण मावत नाही. मोबाइलवरच्या एआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र उभं करणाऱ्या तंत्रात, मैदानात चालत गेलं, की ते अंतर पायांना कळतं. काय दाखवायचं, काय गाळायचं हे ठरवायला विषय यावा लागतो. प्रथिनाची घडी वळलेल्या फितीसारखी दाखवणारी ती प्रसिद्ध चित्रं संशोधक जेन रिचर्डसन यांनी १९८०च्या सुमारास हाताने काढली. तशी चित्रं काढणारी सॉफ्टवेअरं मागाहून आली.

म्हणून दोन्ही संस्था बाजूला ठेवा आणि तिला बी.एस्सी. करू द्या. डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावीशी वाटली तर देईल, ७५ टक्क्यांचा बाऊ नको. ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्रोटीन डेटा बँक या ऑनलाइन संग्रहात प्रथिनांसारख्या रेणूंच्या दोन लाखांहून जास्त रचना कुणालाही खुल्या आहेत. सुट्टीत घरी बसून ती शिकेल. पुढे विज्ञान संग्रहालयं आहेत, वैद्यकीय चित्रणही आहे. हे काही कालचं खूळ नाही : अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९११ पासून आहे.

नवं मॉडेल झालं की तिने एक चाचणी घ्यावी. बघणाऱ्याने हेडसेट काढला, की त्याच्या हातात कोरा कागद द्यायचा आणि आत काय दिसलं ते काढायला सांगायचं. कागदावर पुन्हा कॅप्सूलच तरंगल्या, तर मॉडेल अजून व्हायचंय. पहिलं चित्र तुम्ही काढा.