ऑर्डर मोठी, गल्ला रिकामा

या वेळच्या पत्रांत एक गंमत आहे. धंदा बसला म्हणून कुणीच लिहिलेलं नाही. बहुतेकांची अडचण धंदा उभा राहिल्यानंतरची आहे. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, विशेष मुलांची कार्यशाळा, सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकाने एकच. पत्रं मी थोडी आटोपशीर केली आहेत, नावंगावं गाळली आहेत.

आमचा १४ जणींचा बचत गट शेंगदाणा चटणी करतो. आजवर प्रदर्शनांत आणि ओळखीपाळखीवर विकली. आता एका सुपरमार्केटवाल्यांनी महिन्याला २०० ग्रॅमची २,००० पाकिटं मागितली आहेत. दर ७० रुपये, पैसे ६० दिवसांनी. शेंगदाणे, मिरची-लसूण, पाकीट, गॅस, वाहतूक धरून आम्हाला पाकीट ४४ रुपयांना पडतं. २६ रुपये सुटतात. घ्यावी ना ऑर्डर? (सोलापूर जिल्हा)

ताई, तुमच्या हिशेबात चौदा जणी कुठेच नाहीत. भाजणं, कुटणं, भरणं, चिकटवणं, हे सगळं फुकट होतंय का? बहुतेक गटांचं हेच होतं. घरच्या कामाची मजुरी धरायची नसते, ती सवय धंद्यातही उतरते. पाकिटामागे १२ रुपये मजुरी धरा. खर्च झाला ५६, सुटले १४.

आता कॅलेंडर घेऊन बसा. एप्रिलचा माल ३० तारखेला दिलात, तर ६० दिवसांनी म्हणजे जूनअखेर त्याचे पैसे येणार. तोवर मे आणि जूनचाही माल करून द्यायचा आहे. महिन्याला २,००० गुणिले ५६, म्हणजे १ लाख १२ हजार. तीन महिन्यांचे ३ लाख ३६ हजार. पहिला रुपया हातात येण्याआधी एवढे पैसे तुमच्याकडून गेलेले असतील, कारण शेंगदाण्याचा व्यापारी थांबत नाही आणि मजुरी दर शनिवारी द्यावी लागते. नफा महिन्याला २८ हजार. अडकलेली रक्कम नफ्यातून उभी करायची म्हटली तर बरोबर बारा महिने. मधेच त्यांनी खूश होऊन ऑर्डर दुप्पट केली, तर अडकणारे पैसेही दुप्पट. पुरस्कार मिळालेले, पेपरात फोटो छापून आलेले गट याच ठिकाणी गळ्याशी येतात. वहीत नफा असतो, डब्यात पैसे नसतात.

म्हणून नाही म्हणू नका, पण ८०० पाकिटांनी सुरुवात करा. तीन महिन्यांत १ लाख ३४ हजार अडकतील. तेवढे गटाच्या बचतीतून आणि बँकेच्या कॅश क्रेडिटमधून (सीसी, म्हणजे लागेल तेवढं उचलायचं आणि पैसे आले की भरायचं असं खातं) निघू शकतात. अशा अडकलेल्या पैशासाठी सीसीच घ्या, हप्त्याचं कर्ज नको. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, तुमचे पैसे तिसऱ्या महिन्यात येतात. बचत गटाला १० लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नसतं, हेही शाखेत ठामपणे सांगा.

दुसरं, आजच उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंद करा, गटाच्या नावानेही होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. म्हणजे ६० दिवसांची अट कायद्यातच बसत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वेळेत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत थकले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात दाखवता येत नाही. या शेवटच्या कलमाला कंपन्यांचे अकाउंट्सवाले खरंच घाबरतात. तक्रार करायची वेळ बहुधा येत नाही, बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला तरी फरक पडतो. खरेदीदाराची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल, तर त्याला ट्रेड्स या बिल वटवण्याच्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे त्याने तुमचं बिल मान्य केलं की बँक थोडी कसर कापून पैसे लगेच देते, आणि पुढे त्याने बँकेचे थकवले तरी तुमच्या मागे कुणी येत नाही.

करारातली परत मालाची ओळही वाचा. शेंगदाणा खवट होतो. न खपलेला माल तुमच्या माथी येणार असेल, तर १४ रुपयांतले किती उरतील ते आधी ठरवा.

आमची सोयाबीन-तूर उत्पादकांची कंपनी, ४२० सभासद, प्रत्येकी १,००० रुपयांचा शेअर. केंद्राच्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्था (एफपीओ) उभारण्याच्या योजनेत आहोत. तीन वर्षं संपत आली, आता सीईओचा पगार कुठून द्यायचा? सभासद सभेला येतात, चहा-पोहे घेतात आणि माल गावातल्या व्यापाऱ्यालाच घालतात. (मराठवाडा)

चहा-पोह्यांचं वाचून हसलो, पण दुखणं खरं आहे. या योजनेत कंपनी चालवण्याच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते, त्यात सीईओला महिना २५ हजारांपर्यंत. त्यामुळे तीन वर्षं कंपनी चालल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात अनुदान चाललेलं असतं.

सीईओ २५, हिशेबनीस १०, भाडं-वीज-ऑडिट मिळून १० हजार धरले तर वर्षाला ५ लाख ४० हजार. सोयाबीनमध्ये क्विंटलमागे १०० रुपये सुटतात असं समजू. म्हणजे वर्षाला ५,४०० क्विंटल माल तुमच्या काट्यावरून गेला पाहिजे. सभासदांकडे सरासरी २० क्विंटल असेल तर एकूण माल ८,४०० क्विंटल. कागदावर पुरेसा आहे. पण तिघांतला एकच माल आणत असेल तर २,८०० क्विंटल, आणि तूट २ लाख ६० हजार.

सभासदाला बेइमान म्हणू नका. व्यापाऱ्याने त्याला जूनमध्ये बियाण्याला उचल दिलेली असते. मळणी झाली की गाडी बांधावर येते, नोटा जागेवर मोजल्या जातात. तुम्ही मात्र मॉइश्चर मीटर लावता, ओलावा १४ टक्के आला की २ टक्के कपात सांगता आणि पैसे आठ दिवसांनी देता. व्यापारीही कापतोच, कडता आणि मातेऱ्याच्या नावाखाली जास्तच कापतो, पण बोलून दाखवत नाही. मी एका कंपनीला एवढंच करायला लावलं होतं: दोन्हीकडची पट्टी एका फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची. वजन, कपात, हमाली, हातात आलेली रक्कम. आठवड्याभरात बाया फळा वाचायला थांबायला लागल्या, मग त्यांनी घरी सांगितलं. पुरुषांना सभेत चार वेळा सांगून जे झालं नव्हतं ते झालं.

पण जागेवर पैसे द्यायला भांडवल लागतं. १०० क्विंटलचा एक ट्रक, भाव ४,५०० धरला तर साडेचार लाख. कारखान्याकडून आठवड्यात पैसे फिरून आले तर तीन महिन्यांच्या हंगामात तेच पैसे १३ वेळा फिरतील, म्हणजे १,३०० क्विंटल. ५,४०० क्विंटलसाठी तुम्हाला साधारण चार ट्रकांचे पैसे हवेत, १८ लाख. तुमच्याकडे शेअरचे ४ लाख २० हजार आहेत. याच योजनेत सभासदाच्या भांडवलाइतकी भर मिळते, सभासदामागे २,००० आणि एकूण १५ लाखांपर्यंत. शेअर २,००० चा केलात तर ८ लाख ४० हजार तुमचे, तेवढेच अनुदानाचे, मिळून १६ लाख ८० हजार. उरलेल्यासाठी बँकेकडे जाताना कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या योजनेचं बोला. आणखी १,००० रुपये मागायला संचालकांना लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचे २,००० अडकले तो काटा बघायला येतो.

वर्षाअखेर बोनस वाटताना कायद्यानेच दिलेली सोय वापरा: शेअरवर नाही, घातलेल्या मालाच्या प्रमाणात. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

आमच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या उत्पादक कंपनीला शीतगृह बांधायचं आहे. एक गुंतवणूकदार भांडवल घालायला तयार आहे, पण सीए म्हणतात त्याला शेअर देताच येणार नाहीत. (नाशिक)

सीए बरोबर सांगतात. अर्थतज्ज्ञ अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर उत्पादक कंपनी कायद्यात आली ती सहकाराचा आत्मा कंपनीच्या अंगात घालून. सभासद उत्पादकच हवा आणि शेअर कितीही असोत, मत एकच. बाहेरचा पैसा आला की मालकी सरकते, तेच टाळायचं होतं. पण शीतगृह, पॅकहाउस, प्रक्रिया यांना लागणारा पैसा शेतकऱ्यांच्या खिशातून येणं कठीण, ही त्या शहाणपणाची किंमत.

यातून वाट काढल्याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये आणले, ते शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत नव्हे, तर काढणीपश्चात काम करणाऱ्या तिच्या उपकंपनीत. वर शेतकरी मालक, खाली पैसा घेणारी कंपनी.

वाट आहे म्हणून धावू नका. उपकंपनीच्या करारात तीन गोष्टी स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका: शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोण ठरवणार, गुंतवणूकदार किती वर्षांनी आणि कुणाला शेअर विकून बाहेर पडणार, आणि कोणत्या निर्णयांना त्याची संमती लागणार. पहिली गोष्ट धूसर असेल तर सही करू नका. द्राक्ष स्वस्तात घेतलं की उपकंपनीचा नफा छान दिसतो. तो गेलेला असतो तुमच्याच खिशातून.

मी न्यू जर्सीला असतो. गावाकडच्या महिलांच्या गोधडी शिवणाऱ्या संस्थेला मदत करायची आहे. पैसे पाठवले तर त्यांना काही त्रास होईल का?

तुमच्या पासपोर्टवर अवलंबून आहे. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तुम्ही कायद्याने परदेशी देणगीदार, आणि संस्थेला परदेशी देणगी कायद्याची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर ते पैसे तिने घेणं गुन्हा आहे. भावाच्या खात्यातून फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, फासात त्या बायका अडकतील.

विचारलं नाहीत तरी सांगतो, शिलाई मशिनं देऊ नका. ती सगळेच देतात, निम्म्यांवर कपडा झाकलेला असतो. दोन वर्षं हिशेबनिसाचा पगार द्या.

आमच्या कार्यशाळेत विशेष मुलं पणत्या आणि कागदी पिशव्या करतात. दिवाळीत कंपन्या घेतात, पुढे वर्षभर कुणी विचारत नाही. (पुणे)

कारण दिवाळीत त्या पणती घेत नाहीत, समाधान घेतात, आणि ते वर्षातून एकदा पुरतं. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड आजवर कुणी दया म्हणून घेतलेला नाही. तो तळल्यावर फुलतो म्हणून घेतात. पिशव्यांवरच लक्ष द्या. औषधाची दुकानं, बेकऱ्या यांना बारा महिने लागतात. पिशवी किती वजन झेलते ते तपासा, दर बाजाराइतका ठेवा, पिशवीवरचा मुलांचा फोटो हटवा. फोटो हटवायचा म्हटलं की पालकांचा विरोध होतो, तो होऊ द्या.

आमच्या ट्रस्टचं वर्षाचं बजेट १८ लाख आहे. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर जावं का?

नको. सामाजिक संस्थांसाठीच्या या शेअर बाजारात नोंदणीलाच आदल्या वर्षी ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आणि तिथे ना-नफा संस्थेला मिळणारा पैसा म्हणजे नियम-अहवालांत बांधलेली देणगीच आहे. गुंतवणाऱ्याला व्याज नाही, मुद्दलही परत नाही.

संस्था मी १६ वर्षांपूर्वी सुरू केली. आता ४० जणी कामाला आहेत. सगळे म्हणतात दुसरी फळी तयार करा, पण कुणी जबाबदारी घेतच नाही. (कोल्हापूर)

एक प्रश्न विचारतो: बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

एका संस्थेचे हिशेब मी बघत होतो. संस्थापक ताई अचानक दवाखान्यात दाखल झाल्या. ओटीपी त्यांच्या फोनवर, फोन आयसीयूबाहेर भाच्याच्या खिशात, त्याला लॉक माहीत नाही. अकरा दिवस पगार झाले नाहीत, जीएसटीची तारीख हुकली, कापडाचा ट्रक नाक्यावरून परत गेला. कपाटाची दुसरी किल्लीही त्यांच्याच पर्समध्ये होती. आणि या ताई दर भाषणात सांगायच्या, संस्था माझी नाही, बायकांची आहे. खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटायचं. मीही तीन वर्षं तिथे जात होतो आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

ज्याच्या हाती निर्णय नाही तो जबाबदारी कशी घेईल? या महिन्यात बँकेला पत्र देऊन दुसरी सही चढवा. २५ हजारांपर्यंतची खरेदी दोघींनी तुम्हाला न विचारता करायची, असा ठराव घ्या. त्या पहिल्यांदा महाग सूत आणतील. तुम्ही सोळा वर्षांपूर्वी काय आणलं होतं ते आठवा आणि गप्प बसा. मग दहा दिवस गावाला जा, फोन बंद ठेवून. परत आल्यावर काय अडलं होतं त्याची यादी त्यांच्याकडून मागून घ्या आणि मला पाठवा, पुढचं पत्र त्या यादीवरच लिहू.