आईचा दांडिया बाजार कुठे गेला?

प्रश्न : ताई, माझ्या आईचं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. गेल्या दिवाळीत तिला घेऊन गेलो, तर वाड्याच्या जागी दुकानांची तीन मजली इमारत उभी. शेजारपाजारी ओळखीचं एकही आडनाव उरलेलं नाही. मामा म्हणतात, गुजरात राज्य झालं आणि आपली माणसं उठून गेली. हे खरं का? आईच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मामांचं म्हणणं मला पटत नाही. मी त्याच भागात वाढले. 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला म्हणून आमच्या गल्लीतलं एकही बिऱ्हाड हललं नाही. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, हे त्याआधीही होतं आणि नंतरही राहिलं.

माणसं गेली ती कामामागे. दांडिया बाजार, रावपुरा ही पायी कामाला जाणाऱ्यांची वस्ती होती. कारकून, वकील, मास्तर, सगळ्यांची कामाची जागा हाकेच्या अंतरावर. माझे वडील वकील. सूरसागर तलावाच्या काठाने चालत न्यायमंदिरात, म्हणजे कोर्टात जायचे आणि मधल्या सुट्टीत जेवायला घरी यायचे. ते यायच्या आधीच पाद्रा, सावली, डभोई या आसपासच्या गावांकडची पक्षकार मंडळी आमच्या ओट्यावर येऊन टेकलेली असत. फडक्यात बांधलेली कागदपत्रं मांडीवर, शेजारी पिशवीत पापडी नाहीतर तुवेरच्या शेंगा. आई आधी आजवा तलावाच्या पाण्याचा तांब्या बाहेर पाठवायची, मग आत पानं मांडायची. कुणाची जमिनीची तारीख आहे, कुणाचा भाऊ फिरला, हे आम्हा मुलांना त्या ओट्यावरच कळायचं. प्रत्येक घराला असा कामाचा एक धागा होता, आणि ते धागे एकेक करून सुटत गेले.

पहिला सुटला 1949 मध्ये. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, संस्थानाची स्वतंत्र खाती गेली आणि कचेरीतली पिढीजात नोकरी संपली. त्याच वर्षी विद्यापीठ सुरू झालं म्हणून काही घरं सावरली. पुढे साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आणि खतांची कंपनी जीएसएफसी आली, 1969 मध्ये पेट्रोकेमिकलची आयपीसीएल. सकाळी हमरस्त्यावर कंपनीची बस उभी राहू लागली. मुलं आधी बसने गेली, मग कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली, आणि पुढे त्यांनी कारेलीबागेत, मांजलपूरला सोसायट्यांमध्ये घरं बांधली. म्हणजे मराठी माणूस बडोदं सोडून गेला नाही, गावातून गावाबाहेर गेला. तुमच्या आईंच्या शेजाऱ्यांची नातवंडं अजूनही तिथेच भेटतील, फक्त पत्ता बदललाय.

मागे राहिले वाडे. एका वाड्याला पाच-सहा वाटेकरी, वर भाडेकरू. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं गोठलेलं. तेवढ्यात कौलंसुद्धा शाकारून होत नव्हती. गळणाऱ्या छपराखाली किती पावसाळे काढायचे? वाटेकऱ्यांनी सह्या केल्या आणि बिल्डरने वाडा उतरवला. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

शेवटचा घाव 2018 चा. न्यायमंदिरातली कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली. 1896 ची ती देखणी इमारत जागेवर आहे, पण तिच्या आधाराने बसणारे टंकलेखक, स्टॅम्पवाले, अर्ज लिहून देणारे उठले. वाडे पडताना मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं तेव्हा वाटलं. गावाकडच्या माणसाला त्या भागात यायचं कारणच उरलं नाही.

आता आठवणींबद्दल. ‘पूर्वी कसं होतं?’ असं आईंना विचारू नका, त्याला ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. एक मोठा कोरा कागद घ्या आणि घरांचा नकाशा त्यांच्याच हाताने काढून घ्या. दर घराशी थांबून विचारा : इथला कर्ता माणूस सकाळी कुठे जायचा? कुठल्या बाजूला वळायचा? घरी कोण कोण यायचं, पुढच्या दाराने की मागच्या? दळण कुठे, दूध कुणाकडून? बायकांच्या वाटा वेगळ्या असत, त्या मुद्दाम काढून घ्या; पुरुषांच्या आठवणींत त्या सापडत नाहीत.

नकाशाला खुणा हव्यात, तर श्रीअरविंद राहत ते दांडिया बाजारातलं घर अजून आहे. 1886 ची गायनशाळा आता विद्यापीठाचा विभाग झाली, तीही सूरसागरसमोर आहे. तिथून घरं मोजत या. पुन्हा जाल तेव्हा भल्या सकाळी जा, दुकानं उघडायच्या आत. पाट्यांच्या वर नजर टाका. काही माड्यांखाली कोरलेले लाकडी टेकू अजून शाबूत आहेत. आई ते ओळखतील.

मामांनाही विचारा, पण वेगळं बसवून. दोघांचे नकाशे जिथे जुळणार नाहीत, तिथे दोन्ही तसेच ठेवा, खोडू नका. आणि एक प्रत मला पाठवा. त्या गल्ल्यांतली बरीच आडनावं मला अजून पाठ आहेत, कोण कुठे राहायला गेलं ते कळवीन.