सामाईक आराखडा: नाव कोणते, वाक्य कोणाचे?

पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या कोल्हापुरातील एका ताईंचा प्रश्न आहे. पेठांतल्या तालीम मंडळांनी, नदीकाठच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी बैठका घेऊन जे ठरवले, ते आता लिहून काढायचे आहे. त्या कागदाला ‘सामायिक कृती आराखडा’ म्हणावे, ‘सामूहिक’ म्हणावे की सरळ ‘ठराव’ म्हणावे, आणि त्यातली वाक्ये ‘करण्यात येईल’ अशी लिहिली तर चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

ठराव म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि एकदा तो मंजूर झाला की त्यातला शब्द बदलण्यासाठी पुन्हा सभा बोलवावी लागते. सहकारी संस्थांच्या आपल्या जिल्ह्यात हे कोणाला सांगायला नको. आराखडा हा मुळात रेखाटनाचा शब्द आहे. त्यात बाहेरची रेषा पक्की असते आणि आतले भरायचे, खोडायचे, पुन्हा भरायचे असते. पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली की नमुने घेण्याच्या जागा बदलतात, परीक्षा आल्या की मुले कमी होतात, आणि अशा बदलांसाठी दर वेळी ठराव करत बसणे कोणत्याही मोहिमेला परवडणारे नाही. मागणी मात्र ठरावातच असावी, कारण तिथला शब्द हलता कामा नये. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतील वकील आणि नागरिक अनेक दशके लढले आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी येथे सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या न्यायपीठाचे, काम सुरू झाले. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यानुसार कायमचे खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होते, तर सर्किट बेंच मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने बसवू शकतात. मागणीच्या कागदावर यांपैकी कोणता शब्द आहे, यावर लढा संपला की चालू आहे, हे ठरते.

आता ‘सामायिक’ आणि ‘सामूहिक’. सामूहिक म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन केलेले: सामूहिक विवाह, सामूहिक रजा, सामूहिक राजीनामे. तिथे भर समूहाच्या एकत्र कृतीवर असतो. सामायिक म्हणजे ज्यात प्रत्येकाचा हिस्सा आहे असे. सातबाऱ्यावरचे सामाईक क्षेत्र किंवा चार भावांची सामाईक विहीर घ्या. विहीर एकच असते, पण मोटर कोणी कोणत्या वारी चालू करायची याची पाळी ठरलेली असते, आणि गाळ काढायचा झाला तर खर्च सगळ्यांवर येतो. तुमच्या कागदाचे स्वरूप हेच आहे: हक्क सर्वांचा, पाळी प्रत्येकाची. म्हणून ‘सामायिक’ योग्य. त्यातही मी ‘सामाईक’ हे रूप घेईन, कारण करवीर किंवा शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी तेच आहे, आणि आपल्याकडच्या जैन कुटुंबांत ‘सामायिक’ म्हटले की अठ्ठेचाळीस मिनिटांची समतेची साधना आधी आठवते. ‘सर्वसंमत’ टाळावे, तो शब्द होकार नोंदवतो, जबाबदारी नोंदवत नाही.

मात्र नावापेक्षा वाक्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ‘नदीच्या पाण्याचे नमुने घेण्यात येतील’ या वाक्यात नमुने आहेत, पाणी आहे, भविष्यकाळही आहे. घेणारा माणूस मात्र नाही. सरकारी पत्रात ही रचना समजू शकते, कारण तिथे कर्ता म्हणजे कार्यालय, आणि ते पत्राच्या माथ्यावर छापलेलेच असते. लोकमोहिमेच्या कागदाला असा माथा नसतो. मग पुढच्या बैठकीत ‘ते कोण करणार होते?’ असा प्रश्न निघतो आणि बघता बघता माणसे दुखावतात. मराठीत यासाठी विध्यर्थाची, म्हणजे ‘करावे’, ‘घ्यावे’ अशा रूपांची, उत्तम सोय आहे: ‘जयंती नाला नदीला मिळतो त्या जागेचे नमुने दर शनिवारी सकाळी शुक्रवार पेठेच्या गटाने घ्यावेत आणि त्याच दिवशी वहीत नोंदवावेत.’ यात ‘गटाने’ हा शब्द गाळला, तरी कोणी करायचे ही विचारणा वाक्यातच शिल्लक राहते, आणि लिहिणाऱ्याला ती जागा भरावीच लागते.

याच्याइतकीच जपण्याची गोष्ट म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि त्याला आत घेणारे ‘आपण’ हा भेद मराठीने सांभाळला आहे, आणि चळवळीच्या लेखनात तो पावलोपावली कामाला येतो. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात ‘आम्ही खाली सह्या करणारे’ हेच बरोबर, कारण वाचणारा समोरच्या बाजूला आहे. आराखडा वाचणारा मात्र आपल्यातलाच असतो. त्यात ‘आम्ही गावोगाव सभा घेऊ’ असे लिहिले, तर तो कागद हातात पडलेल्या गावातल्या वाचकाला वाटते की शहरातली मंडळी येतील आणि आपण फक्त सतरंज्या अंथरायच्या. ‘आपण गावोगाव सभा घेऊ’ म्हटले की तोही सभा घेणाऱ्यांत येतो. यात एक अडचण आहे. ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे, त्यामुळे ‘आपण सभेची तयारी करावी’ या वाक्यात तयारी सर्वांनी करायची की वाचणाऱ्यानेच, हे कळत नाही. अशा ठिकाणी ‘आपण सर्वांनी’ असे लिहावे किंवा सरळ गटाचे नाव घालावे.

‘दस्तऐवजीकरण’ हा शब्द तुमच्या पत्रात तीनदा आला आहे, तो काढून टाकावा. दस्त म्हटले की आपल्याकडे लोकांना नोंदणी कार्यालय, मुद्रांक आणि साक्षीदार आठवतात. ‘आराखडा लिहून ठेवणे’ किंवा ‘नोंद करणे’ यांत काहीही कमी पडत नाही. बैठकीत कोण काय बोलले ते इतिवृत्तात राहू द्यावे; आराखड्यात आणू नये.

शुद्धलेखनाचेही दोन शब्दांत सांगतो. ‘कृती आराखडा’ सुटा लिहिल्यास ‘ती’ दीर्घ. ‘कृतिकार्यक्रम’ असा समास केल्यास पूर्वपद तत्सम म्हणून ऱ्हस्व. आणि मुखपृष्ठावर ‘मोहीमेचा’ झाले आहे, ते ‘मोहिमेचा’ करून मगच छपाईला द्यावे.