आधी घरचा अल्बम उघड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रे पाहिली. रेघ सफाईदार आहे. परंतु त्यातली आजी कोणाचीही आजी वाटते, तिला स्वतःचा चेहरा नाही. म्हणून एका जुन्या पुस्तकाविषयी लिहितो.

कथाकार आयझॅक बाशेव्हिस सिंगर १९३५ साली पोलंड सोडून न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या ‘फॉरवर्ट्स’ या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, वृत्तपत्रात लिहू लागले. पुढच्या दहा वर्षांत ती भाषा बोलणारी लाखो माणसे युरोपात मारली गेली, तरी त्यांनी कथेची भाषा बदलली नाही. साठीच्या उंबरठ्यावर, संपादक एलिझाबेथ शब यांच्या आग्रहामुळे, ते मुलांसाठी लिहू लागले आणि १९६६ मध्ये ‘झ्लाटेह द गोट’ हा संग्रह आला. शीर्षककथेत बारा वर्षांचा आरन घरच्या चणचणीपायी लाडकी शेळी खाटकाला विकायला निघतो, वाटेत हिमवादळ गाठते आणि दोघे तीन दिवस गवताच्या गंजीत काढतात. शेळी गंजीतलेच गवत खाते; आरन तिच्याशेजारी अशा बेताने आडवा होतो की दुधाची धार थेट तोंडात पडावी. तो कसा आडवा झाला हेही सिंगर सांगतात, म्हणून मला ती गंजी खरी वाटते.

याची चित्रे मॉरिस सेंडक यांची. पोलंडहून आलेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी १९२८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने तीनच वर्षांपूर्वी, रविवारी घरी येऊन गाल ओढणाऱ्या नातलगांवरून ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकातले आपले जगप्रसिद्ध राक्षस रंगवले होते. या वेळी त्यांनी घरचा अल्बम उघडला. आईच्या माहेरची आणि वडिलांच्या घरची जी माणसे नाझींच्या छळछावण्यांत संपली, त्यांचेच चेहरे त्यांनी सिंगरच्या गावकऱ्यांना दिले. पुस्तक पाहून आईवडील रडले, आणि सेंडकही. वाचणाऱ्या मुलांना यातले काही ठाऊक नसते, तरीही त्या चेहऱ्यांवरून नजर हलत नाही.

तेव्हा पुढचे चित्र मोबाइलवरचे नमुने पाहून सुरू करू नकोस. अल्बम घेऊन आईजवळ बस, फोटोतल्या प्रत्येक बाईचे नाव विचार, तिने पदर कसा घेतला आहे आणि हात कुठे ठेवले आहेत ते पाहून घे. कच्चे रेखाटन झाले की रंग भरण्याआधी मला पाठव.

तुझा,
जुना शिक्षक