दिवाळी ते होळी मोटारसायकल गावी नुसती उभी राहणार आहे. हिवाळ्यात खराब होऊ नये म्हणून काय करून ठेवावं?

भाऊ, प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलं, "धाकटा भाऊ हप्त्यातून एकदा पाच मिनिटं चालू ठेवतो म्हणतो, तेवढं पुरेल ना?" ते वाचलं आन् जेवता जेवता उठलो. नाही पुरत. त्याला आधी नाही म्हणा.

माझी स्प्लेंडर २०११ ची. त्या साली कापसाला कधी नव्हे तो भाव लागला होता. चुकारा हातात पडला आणि तिसऱ्या दिवशी गाडी दारात. अकरा वर्षं वावर, राळेगावचा बाजार, सासुरवाडी, बायकोची दोन्ही बाळंतपणं, सगळं तिच्यावर. २०२२ च्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचं गेलं, तेव्हा चार महिने चाकणला कामाला जावं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी काढायला पाना घेऊन बसलोच होतो, तर दादा आला. माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, म्हणून यंत्रातलं सगळं त्यालाच कळतं. म्हणे, "काहाले काढून रायला बे? मी हावो ना. हर ऐतवारी पाच मिनिटं चालू ठेवतो, गाडी जित्ती रायते." मोठ्या भावापुढं काय बोलणार. चावी देऊन मोकळा झालो.

होळीच्या चार दिवस आधी आलो. बटण दाबलं तर टक् एवढाच आवाज. मग किका मारून मारून पोटरी सुजली. शेवटी बैलबंडीत टाकून तालुक्याला नेली. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण उघडलं तर आत ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका फेस. सायलेन्सर खालून सडलेला, बोट लावलं तर आत गेलं. प्लग काळाकुट्ट. बॅटरी फेकायच्या लायकीची. एकंदर साडेतीन हजार गेले, चाकणच्या कमाईतले.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळाली तर इंजिन, सायलेन्सर चांगलं तापतं आणि ती वाफ बाहेर जाते. जागेवर पाच मिनिटं फटफट केली तर ती आतच थिजते, काही ऑइलमध्ये, काही सायलेन्सरमध्ये. वरून सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगला परत भरत नाही. म्हणजे दर ऐतवारी दादा माझी बॅटरी थोडी थोडी पिऊन रायला होता. त्यातही सात-आठ ऐतवार झाले, मग हरभरा सोंगायला आला आणि गाडी आहे हेच तो विसरला. कार्बोरेटरमधलं पेट्रोल आटून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, चिकट गोंद झाला.

आता तुमचं. थंडीचं काही करायचं नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला ३.५ अंशापर्यंत पारा उतरला होता, तरी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला काही झालं नाही. आपल्याकडे गाडी खातात ते दव, उंदरं आणि आजचं पेट्रोल. माझ्या वेळी त्यात दहा टक्के इथेनॉल होतं, आता वीस आहे, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून टाकी काठोकाठ भरा, आत हवेला जागाच ठेवू नका. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करा, तिथलं पेट्रोल काढून टाका. ऑइल जाण्याआधीच बदला, आल्यावर नाही. बॅटरी काढताना काळी वायर आधी. घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा कोणाकडून तरी चार्ज करून घ्या, मीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. चेन, हवा, मेन स्टँड हे तुम्हाला माहीतच असेल.

जागा मात्र नीट निवडा. कोठ्यात नको, गुरांच्या मुताच्या वाफेनं वायरींचं तांबं हिरवं पडतं. युरियाच्या पोत्यांजवळ नको, लोखंड गंजतं. आणि दर वाढायची वाट पाहत घरात भरलेल्या कापसाजवळ तर अजिबातच नको, टाकीत दहा लिटर पेट्रोल आहे हे ध्यानात असू द्या. मी नेमकी तिथंच ठेवली होती. ही चूक माझी, दादाची नाही. सोयाबीन निघालं की वावरातली उंदरं घरात येतात. त्यांनी माझ्याच कापसाची गादी एअर फिल्टरच्या डब्यात केली आणि इंडिकेटरची वायर कुरतडली. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पन्नी बांधा, नाहीतर कुंभारीण माशी तिथं मातीचं घर करते. पन्नीवर गाठ ठळक दिसली पाहिजे, आल्यावर काढायची विसरू नका.

गाडी २०२० नंतरची इंजेक्शनवाली असेल तर कार्बोरेटरचं मी लिहिलेलं सोडून द्या. आणि खरं सांगायचं तर धाकटा भाऊ पंधरा दिवसांतून एकदा तुमची गाडी बाजारापर्यंत, वीसेक किलोमीटर, खरोखर फिरवून आणणार असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. तेवढ्यापुरता दादा बरोबर होता. पण तो पोरगा पाच मिनिटं म्हणाला आहे, वीस किलोमीटर नाही. चावी सोबत घेऊन जा.

गेल्या हिवाळ्यात दादा दीड महिना पोरीकडे नागपूरला होता. जाताना स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून घरात ठेवून गेला. मी विचारलं तर म्हणे, चोरीचा भेव हाये.